काम पूर्ण करण्याची तारीख

तोराळवाडीच्या पुलाचा बोर्ड मी रंगवला
तेव्हा पूल नव्हता.
मलप्रभेत चार खुंट्या, एक लाल दोरी
आणि सिमेंटच्या पोत्यांवर झोपलेला इराप्पा वॉचमन.
निळ्या पत्र्यावर पांढरी कन्नड अक्षरं:
कामाचं नाव, रक्कम, गुत्तेदार,
आणि सगळ्यात खाली, काम मुगियुव दिनांक.
हेंद्रे मुकादम म्हणाला,
"बस्त्याव, तारीख जरा ठळक काढ की,
साहेब गाडीतनंच बघतंय."
काढली. अठरा महिने, पावसाळा धरून.

कन्नड मला वाचता थोडं येतं, काढता पूर्ण.
त्यांचा एक म्हणजे मिटता मिटता राहिलेलं शून्य.
शून्य तेवढं दोन्हीकडं सारखं.
दिनांक हा शब्दही सारखा, विळंबही जवळपास तोच.
बोर्डवर बेळगावी लिहितो, तोंडानं बेळगाव म्हणतो,
शेवटच्या वेलांटीचे पैसे कुणी वेगळे देत नाही.

पहिली मुदतवाढ आली तेव्हा वाळू बंद होती.
दुसरी, तिसऱ्या खांबाला खडक लागेना म्हणून.
तिसरीची फाईल धारवाडला गेली
आणि येताना कारण तिथंच विसरून आली.
दर वेळी खानापुरातनं सायकलला डबा अडकवून मी.
जुन्या तारखेवर निळा हात,
वाळेपर्यंत इराप्पाच्या चुलीवरचा चहा,
मग त्याच जागी नवी.
करारात दंड होता, दिवसाला इतका.
मुकादम म्हणायचा, दंड देवळातल्या घंटेसारखा,
टांगलेला असतोय,
हात पुरंल त्यानं वाजवायचा.

एकदा बोर्डवरून बोट फिरवलं.
बाकी पत्रा सपाट,
तारीख तेवढी वर आलेली,
टाके काढल्यावर राहतं तसं.
उन्हं तिरकी झाली की निळ्याखालचे आकडे
सगळे एकदम दिसायचे:
मार्च, नोव्हेंबर, पुन्हा मार्च,
एकमेकांत मिसळून
कुठल्याच वर्षात न बसणारी एक तारीख.

लोक मात्र तेच वाचून चालले.
पलीकडच्या नागोजी पाखऱ्यानं
दुसऱ्या तारखेच्या भरवशावर पिठाची गिरण घेतली.
साकवावरून ती जाईना.
अलीकडच्या काठावर ताडपत्रीखाली
दोन वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.
नागोजी येऊन बोर्ड बघायचा, मग माझ्याकडं,
जणू मीच ढकलतोय पुढं.
खरं तर ढकलत मीच होतो,
दोन नंबरच्या ब्रशनं.

आता पूल झालाय.
गिरण गेली पलीकडं, कोंबड्यांसकट.
उसाचे ट्रॅक्टर जातात, शाळेची पोरं कठड्याला काठी घासत.
पण अंगडी साहेबांनी उरलेल्या कामांची यादी दिलीय:
कठड्याला दुसरा हात,
दोन पाइपांची तोंडं मोकळी करणे,
आणि बोर्डवर काम पूर्ण झाल्याची खरी तारीख लिहिणे.
ते झालं की दाखला.
दाखला मिळाला की गुत्तेदाराचं बिल,
त्यातनं मुकादमाचं, त्यातनं माझं, सहा वेळा पुसल्याचं.

"खरी म्हणजे कुठली सर?"
स्लॅब पडला ती? गिरण गेली ती?
का करारात आहे ती, जी आम्ही सगळ्यांनी मिळून बुडवली?
साहेब काच वर करत म्हणाले, आमेले हेळ्तीनि.
नंतर सांगतो.

निळा हात मारून ठेवलाय.
चौकोन कोरा, वाळून आठवडा झाला.
मी कठड्यावर बसतो, माझ्या पैशांवर बसल्यासारखा.
जाता जाता कुणीतरी विचारतंच,
"बस्त्याव, झालं काय काम?"
"पुलाचं झालं," म्हणतो. "कामाचं राहिलंय."

ब्रश रॉकेलात बुडवून ठेवलाय,
कडक व्हायला नको.